एक औषध, दोन विषाणू



ज्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते इतिहासाचे शिक्षक होते. तेव्हा इतिहासाचाच एखादा विषय घ्यावा, अशी सूचना मला करण्यात आली. सुरतेचा इतिहास म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. गुजराती शेजाऱ्यासमोर तो विषय जरा जपूनच काढावा लागतो, हे या शहरात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यावर पुष्कळ बोलून झाले आहे, म्हणून मी एका औषधाचा इतिहास निवडला आहे. त्याचे नाव लॅमिव्हुडिन. मी वैद्यक शिकलेलो नाही. परंतु औषधांनाही इतिहास असतो. कोणते औषध कोणत्या साली निघाले, कोणाला परवडले, कोणाच्या हाती केव्हा पडले आणि ते देताना काय पाहायचे राहून गेले, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत.

आरंभ आपल्या परिचयाच्या घटनेपासून करतो. सप्टेंबर १९९४ मध्ये या शहरात प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसे स्थानकाकडे धावली. खानदेशातून आलेले आपले लोक ताप्तीकाठच्या गाड्यांनी नंदुरबार, धुळे, जळगावकडे निघाले. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. ज्यांना काहीही झाले नव्हते त्यांनीही मूठमूठ कॅप्सूल खाल्ल्या. पुढे साथ ओसरली, १९९५ पासून महानगरपालिकेने स्वच्छतेची मोठी मोहीम घेतली आणि शहराचे रूप पालटले. तो इतिहास आता पाठ्यपुस्तकात शोभावा इतका प्रसिद्ध आहे. प्लेग हा गाजावाजा करीत येणारा रोग. त्याचे औषध थोडे दिवस घ्यायचे आणि विसरून जायचे. मला सांगायचे आहे ते याच्या अगदी उलट स्वभावाच्या दोन रोगांविषयी. ते आवाज न करता येतात, वर्षानुवर्षे अंगात राहतात आणि त्यांचे औषध घेणे थांबविता येत नाही.

त्यांपैकी पहिला एचआयव्ही. भारतात तो १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीत प्रथम उघड झाला. सुरत हे एकट्या पुरुषांचे शहर. माग, रंगाईछपाईच्या गिरण्या आणि हिऱ्यांचे कारखाने यांत राबणारे हजारो तरुण बायकामुले गावी ठेवून आलेले असतात. अशा शहरात हा विषाणू कोणत्या वाटेने शिरतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी वेश्यावस्तीतील शंभराहून थोड्या अधिक स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. त्या स्त्रिया गिऱ्हाइकांकडून आजारी पडल्या आणि गिऱ्हाइके आपल्या गावच्या बायकांकडे परतली. नवापूरपासून भुसावळपर्यंतच्या घरांना हा हिशेब चुकवावा लागला.

दुसरा विषाणू त्याहून जुना व त्याहून अधिक पसरलेला. त्याचे नाव हिपॅटायटिस बी. आपण सगळ्या प्रकारच्या काविळीला एकच नाव देतो, त्यामुळे फार घोटाळा होतो. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत बरी होते. हिपॅटायटिस बी मात्र रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून मुलाला होतो. बालपणी झाला तर बहुधा तो जन्मभर यकृतात घर करून बसतो. डॉ. बरूक ब्लूमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अपरिचित द्रव्य सापडले. १९६५ साली त्यांनी ते जाहीर केले आणि पुढे ते याच विषाणूचे कवच असल्याचे सिद्ध झाले. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात शंभरांतील दोन ते चार जणांच्या रक्तात हा विषाणू असतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नसते. यकृत हा मोठा सोशिक अवयव आहे. निम्म्याहून अधिक बिघडेपर्यंत तो तक्रार करीत नाही.

आता हे दोन विषाणू एकाच देहात आले म्हणजे काय होते? दोघांच्या वाटा एकच असल्यामुळे ते पुष्कळदा सोबतीने येतात. एचआयव्ही शरीराची प्रतिकारशक्ती खचवितो, त्यामुळे हिपॅटायटिसचा विषाणू मोकाट वाढतो आणि यकृत लवकर निकामी होते. परंतु दोघांमध्ये याहूनही गूढ असे एक नाते आहे. एचआयव्ही आपली आनुवंशिक लिपी उलट्या दिशेने, म्हणजे आरएनएवरून डीएनए अशी, लिहून घेतो. हिपॅटायटिस बीचा विषाणूही आपल्या वाढीच्या एका टप्प्यावर असेच उलटे लेखन करतो, हे १९८२ साली जेसी समर्स आणि विल्यम मेसन यांनी बदकांमधील तशाच विषाणूवर प्रयोग करून दाखविले. कुळे वेगळी, पण दोघांच्या घरचा कारकून एकाच पद्धतीने नक्कल करणारा. त्या कारकुनाला चकविणारे औषध दोघांनाही लागू पडावे, हे ओघानेच आले.

ते औषध कॅनडात जन्मले. जून १९८९ मध्ये माँट्रियल येथे भरलेल्या जागतिक एड्स परिषदेत बर्नार्ड बेलो यांनी एका नव्या संयुगाची माहिती सादर केली. त्याच वर्षी सप्टेंबरात ते वारले; आपल्या संयुगाचे पुढे काय झाले हे त्यांना पाहता आले नाही. त्या संयुगाची दोन रूपे होती, एकमेकांची आरशातील प्रतिबिंबेच जणू. त्यांतील निसर्गात न आढळणारे रूप देहाला कमी अपायकारक आणि विषाणूला पुरेसे घातक निघाले. तेच लॅमिव्हुडिन. विषाणूचा कारकून नक्कल करताना खऱ्या अक्षराऐवजी हे खोटे अक्षर उचलतो आणि ओळ तिथेच तुटते. १९९१ साली येल विद्यापीठातील युंग-ची चेंग यांच्या प्रयोगशाळेतून ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूलाही रोखते असे प्रसिद्ध झाले. अमेरिकेत नोव्हेंबर १९९५ मध्ये एचआयव्हीसाठी आणि डिसेंबर १९९८ मध्ये हिपॅटायटिस बीसाठी त्याला मान्यता मिळाली. मात्रेतला फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे: एचआयव्हीसाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅम, हिपॅटायटिससाठी १००. ज्याला केवळ काविळीचा रुग्ण समजून १०० मिलिग्रॅमची गोळी एकटीच दिली, त्याच्या अंगात एचआयव्ही लपलेला असला तर तो विषाणू त्या अपुऱ्या एकट्या औषधाला दाद न देण्याची विद्या अनायासे शिकत असे.

ही विद्या विषाणू कशी शिकतो? त्याच्या कारकुनाच्या हाताला एक मर्माची जागा असते. तेथे चार अमिनो आम्ले ओळीने बसलेली असतात: टायरोसिन, मेथिओनिन आणि दोन अॅस्पार्टिक आम्ले. नवल असे की ही चौकडी दोन्ही विषाणूंत तीच आहे. तिच्यातील मेथिओनिनच्या जागी व्हॅलिन किंवा आयसोल्यूसिन आले की खोटे अक्षर त्या हातात बसेनासे होते आणि औषध निष्फळ ठरते. एचआयव्हीत ही १८४ वी जागा, हिपॅटायटिस बीमध्ये २०४ वी. एचआयव्हीला या बदलाची किंमत मोजावी लागते: त्याची वाढ मंदावते आणि काही दुसऱ्या औषधांपुढे तो अधिकच दुबळा होतो. हिपॅटायटिसचा विषाणू मात्र शेजारच्या १८० व्या जागी आणखी एक बदल करून आपली गमावलेली चपळाई पुष्कळशी भरून काढतो. भरीस भर म्हणजे या विषाणूची लिपी इतकी काटकसरीची आहे की कारकून आणि कवच या दोहोंचे मजकूर एकमेकांवर लिहिलेले असतात. त्यामुळे औषध चुकविण्यासाठी केलेल्या काही बदलांनी कवचाचेही रूप पालटते आणि लसीने निर्माण झालेल्या प्रतिपिंडांना ते पूर्वीसारखे ओळखता येत नाही.

लॅमिव्हुडिनला न जुमानणाऱ्या हिपॅटायटिस बीचे पहिले वृत्तांत १९९६ साली यकृतारोपण झालेल्या रुग्णांविषयी आले. १९९९ साली पॅरिसच्या डॉ. ईव्ह बेनामू यांनी दोन्ही विषाणू असलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लॅमिव्हुडिन घेणाऱ्या अशा रुग्णांत दोन वर्षांत निम्म्यांच्या आणि चार वर्षांत सुमारे नव्वद टक्क्यांच्या हिपॅटायटिस विषाणूने औषधाला दाद देणे सोडले होते. हे १९९९ साल आपण लक्षात ठेवू या. कारण आपल्या देशात हे औषध लाखो लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच हा निष्कर्ष छापला गेला होता.

आता भारतात येतो. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्याकडे औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, ते फक्त तो बनविण्याच्या पद्धतीवर मिळे. या सवलतीच्या आधारे मुंबईच्या सिप्ला कंपनीने स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन या तीन औषधांची एकच गोळी बनविली. फेब्रुवारी २००१ मध्ये डॉ. युसूफ हमीद यांनी अशा उपचाराची किंमत वर्षाला ३५० डॉलर इतकी खाली आणली. पाश्चात्त्य देशांत तेव्हा त्याला दहा हजार डॉलरांहून अधिक लागत. त्या एका घोषणेने आफ्रिका आणि आशियातील असंख्य माणसे जगली. तिचे मोल कमी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने हीच तीन औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. पहिल्या टप्प्यातील सहा राज्यांत गुजरात नव्हते. तेव्हा सुरतेच्या रुग्णाला सरकारी औषध हवे असेल तर मुंबईची गाडी धरावी लागे, नाहीतर पदरचे पैसे मोजून ते विकत घ्यावे लागे. पुढे गुजरातेतही केंद्रे निघाली. याच काळात या शहरात एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांनी आपली राज्यव्यापी संघटना उभी केली, तिचे काम आजही चालू आहे.

या तीन औषधांपैकी हिपॅटायटिस बीवर चालणारे किती होते? एकच, लॅमिव्हुडिन. एचआयव्हीवर तिघे मिळून तुटून पडत होते, म्हणून तो सहजासहजी निसटू शकत नव्हता. परंतु ज्याच्या यकृतात दुसराही विषाणू होता, त्याच्या यकृतात लॅमिव्हुडिन एकटेच लढत होते. पॅरिसच्या त्या रुग्णांची गोष्ट येथे घडण्याची सगळी सिद्धता झाली होती. आणि ते पाहणार कोण? त्या आरंभीच्या वर्षांत उपचार सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाचे रक्त हिपॅटायटिस बीसाठी सरसकट तपासले जात नव्हते. विषाणूंची संख्या मोजण्याची किंवा त्यांची लिपी वाचण्याची सोय तर फारच दूर. एचआयव्हीची संख्या मोजणेसुद्धा राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ साली नित्याचे झाले. वजन वाढले, ताप गेला, रक्तातील सीडी-४ पेशी वाढल्या की उपचार यशस्वी ठरे, आणि एचआयव्हीपुरते ते खरेही असे.

यात एक विशेष कटू गोम आहे. नेव्हिरापिन यकृताला अपाय करू शकते, हे सर्व डॉक्टरांना ठाऊक होते. डोळे पिवळे झाले की पहिला संशय त्याच्यावर जाई, आणि तो वाजवीही होता. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत पिवळेपणाचे कारण दुसरेच असू शकत होते: औषधाला न जुमानणारा हिपॅटायटिसचा विषाणू पुन्हा उसळलेला असणे. रक्ताची एक साधी चाचणी केल्यावाचून ही दोन कारणे वेगळी ओळखता येत नाहीत. तिसरी शक्यता याहून वाईट. हिपॅटायटिस बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात आपला एक वर्तुळाकार डीएनए ठेवून देतो, आणि ही औषधे त्याला हात लावू शकत नाहीत. म्हणून त्यांचे सेवन अकस्मात थांबले की विषाणू पुन्हा वाढतो, आणि खवळलेली प्रतिकारशक्ती यकृतावरच तुटून पडते. कधीकधी तो हल्ला प्राणघातक ठरतो.

येथे आपल्या समाजाच्या एका चालीचा उल्लेख करणे भाग आहे. डोळे पिवळे झाले की आपला माणूस आधी गावी जातो. कोणी मंत्र घालून कावीळ उतरवितो, कोणी गळ्यात मुळ्यांची माळ घालतो आणि ती लांबत जाईल तशी कावीळ उतरली असे समजतो. कोणी तेलतूप बंद करून पाला वाटून देतो. पाण्याची कावीळ आपोआप बरी होते, त्यामुळे या उपायांची कीर्ती पिढ्यान्पिढ्या टिकून राहिली. मला त्या माळेचा राग येत नाही. राग येतो तो माळेबरोबर दिल्या जाणाऱ्या आज्ञेचा: ‘इंग्रजी गोळ्या उष्ण असतात, त्या सगळ्या बंद कर.’ दोन्ही विषाणू बाळगणाऱ्या माणसाने ही आज्ञा पाळली तर त्याच्या यकृतावरील उरलासुरला पहाराही उठतो. वस्तुतः त्याला दोष तरी कसा द्यावा? आपल्याला दुसराही रोग आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसे. मागावरच्या कामगाराची मजुरी कामाच्या मापावर. महिन्याला एक खाडा औषधासाठी काढणे त्याला जड जाई, आणि दिवाळीत किंवा लग्नसराईत तो गावी गेला की गोळ्या इथल्या कपाटात राहत.

या पेचातून सुटका करणारे औषध वेगळ्या वाटेने आले. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ आंतोनीन होली आणि बेल्जियममधील लूव्हेनचे एरिक द क्लर्क यांच्या सहकार्यातून ॲडेफोव्हिर आणि टेनोफोव्हिर ही दोन भावंडे निघाली. ॲडेफोव्हिर एचआयव्हीसाठी मोठ्या मात्रेत आजमावले गेले. ते मूत्रपिंडाला बाधते म्हणून १९९९ साली अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने ते नाकारले, आणि २००२ साली अवघ्या १० मिलिग्रॅमच्या मात्रेत ते हिपॅटायटिस बीसाठी मान्य झाले. टेनोफोव्हिरला २००१ साली एचआयव्हीसाठी मान्यता मिळाली. हिपॅटायटिस बीसाठी त्याला २००८ साल उजाडावे लागले. लॅमिव्हुडिनला न जुमानणाऱ्या हिपॅटायटिस विषाणूवरही ते चालते, आणि त्याच्यापुढे विषाणूची डाळ अद्याप क्वचितच शिजली आहे. भारतात १ जानेवारी २००५ पासून पदार्थावरही पेटंट मिळू लागले होते, तेव्हा हे औषध स्वस्त राहील की नाही ही चिंता होती. भारतीय औषध कंपन्या आणि रुग्णसंघटना यांनी हरकती घेतल्या, आणि २००९ साली टेनोफोव्हिरवरील पेटंटचा अर्ज येथे फेटाळला गेला. रुग्णांनी स्वतः पेटंट कचेरीत जाऊन औषधासाठी भांडावे, हे माझ्या मते आपल्या अलीकडच्या सामाजिक इतिहासातील एक मोठे पान आहे.

याच सुमारास एन्टेकॅव्हिरचा प्रकार घडला. हे औषध २००५ साली अमेरिकेत हिपॅटायटिस बीसाठी मान्य झाले, तेव्हा ते एचआयव्हीला स्पर्श करीत नाही असे समजले जाई. म्हणून दोन्ही विषाणू असलेल्या, पण एचआयव्हीचा उपचार अद्याप न लागणाऱ्या रुग्णांना ते निर्धास्तपणे देता येईल असे वाटे. २००७ साली बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी दाखविले की ते एचआयव्हीलाही किंचित दाबते, आणि तेवढ्याने त्याच १८४ व्या जागी बदल होऊन एचआयव्ही लॅमिव्हुडिनला दाद देईनासा होतो. एका विषाणूवर केलेला उपचार दुसऱ्याला शहाणा करून सोडतो, याचा दुसऱ्या दिशेने मिळालेला हा पुरावा होता. त्यानंतर उपचार दोघांचा एकदम करायचा, हा नियम पक्का झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दोन्ही विषाणू असलेल्यांसाठी टेनोफोव्हिर व लॅमिव्हुडिन यांची जोडी सुचविली, आणि २०१३ साली एचआयव्हीच्या सर्वच नव्या प्रौढ रुग्णांच्या पहिल्या उपचारात टेनोफोव्हिरला स्थान दिले. पुढे भारताच्या कार्यक्रमातही तेच आले. २०२० पासून त्यांच्या जोडीला डोल्युटेग्राव्हिर देण्यात येऊ लागले. म्हणजे ज्याची हिपॅटायटिसची तपासणी झालीच नाही, त्याच्याही यकृतावर आता दुहेरी पहारा बसला. मात्र २००४ पासून ती जुनी तीन औषधे घेत आलेल्या आणि यकृताने दगा दिलेल्या माणसांना ही सुधारणा उशिरा भेटली.

हिपॅटायटिस बीकडे शासनाचे आणि समाजाचे लक्ष जाण्यास मात्र प्लेगसारखाच एक आरडाओरडा व्हावा लागला. २००९ च्या आरंभी उत्तर गुजरातेत मोडासा परिसरात या काविळीचा उद्रेक झाला. रुग्ण साडेचारशेच्या आसपास होते आणि ऐंशीहून अधिक दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तपासात नीट निर्जंतुक न केलेल्या सुयांचा पुन्हा वापर आणि विषाणूतील विशिष्ट बदल यांची सांगड या मृत्यूंशी घातली गेली. २०११ च्या सुमारास हिपॅटायटिस बीची लस देशभरच्या बालकांच्या नित्य लसीकरणात पोहोचली, आणि २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सुरतेचे माग थांबले आणि कामगार पुन्हा एकदा गावांकडे निघाले. १९९४ ची आठवण व्हावी असे ते दृश्य होते. या वेळी एचआयव्हीच्या रुग्णांना एका महिन्याऐवजी अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय कार्यक्रमाने केली. गोळी खंडित झाली की काय होते, हा धडा तोवर गिरविला गेला होता.

तरी हा इतिहास संपलेला नाही. एचआयव्हीवर आता केवळ दोन औषधांची, डोल्युटेग्राव्हिर आणि लॅमिव्हुडिन यांची, गोळी निघाली आहे. कॅबोटेग्राव्हिर व रिल्पिव्हिरिन यांची एक-दोन महिन्यांनी टोचायची सुईही निघाली आहे. रोज गोळी लपवून खाणाऱ्या माणसाला त्या सुईचे केवढे अप्रूप वाटेल, याची कल्पना करा. परंतु दोन औषधांच्या गोळीत हिपॅटायटिस बीवर चालणारे लॅमिव्हुडिन पुन्हा एकटेच आहे, आणि सुईत तर त्या विषाणूवर चालणारे काहीच नाही. म्हणून या दोन्ही उपचारांपूर्वी हिपॅटायटिस बीची चाचणी करावी, असे नियमच घालून दिले आहेत. सुरतेच्या मागांवर आज उभे असलेले बहुतेक हात २०११ पूर्वी जन्मलेले आहेत. त्यांना बाळपणी ही लस टोचली गेलेली नाही.